पहिल्या सत्राचं इटालियन: खान्देशातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जून लागला की माझा फोन सुरू होतो. चोपडा, पारोळा, शिरपूर, शहादा, रावेर, कुठून कुठून मुलं विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. विद्यापीठात ओपन इलेक्टिव्ह म्हणून पहिल्या पातळीचं इटालियन शिकवायला लागल्यापासून तेच प्रश्न इतक्यांदा आले, की एकदा नीट लिहून ठेवावेत असं वाटलं. सुरुवातीचे प्रश्न प्रवेशाआधीचे आहेत, मधले उच्चाराचे आणि व्याकरणाचे. शेवटचे तीन ज्यांचं अर्धं सत्र होऊन गेलंय त्यांच्यासाठी. इटालियन शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत. वर्गात ते रोमन लिपीत शिकायचेच आहेत.

१. माझं इंग्रजी कच्चं आहे. तरी मी इटालियन घेऊ का?

घ्या. इंग्रजी येणं ही अट नाही आणि मदत तर त्याहून नाही. बाजारातली बहुतेक पुस्तकं इटालियन इंग्रजीतून समजावतात, म्हणून मुलांचा समज होतो की आधी इंग्रजीचा पूल ओलांडायचा आणि मगच इटालियन. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक चुका याच पुलावर होतात. विशेषणाचं लिंग बदलायचं राहतं, 'मला आवडतं'चं वाक्य उलटं होतं, 'त' आणि 'द' इंग्रजी वळणाने ट-डकडे झुकतात. या तिन्ही गोष्टी मराठी मुलाला लहानपणापासून येत असतात. इटालियन वाक्य अडलं की आधी ते मराठीत कसं म्हणाल ते बघा, एवढंच माझं मागणं आहे. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात ते पुन्हा येईल.

२. एका सत्रात किती येईल? बोलता येईल ना?

युरोपीय परिषदेने २००१ साली भाषेच्या सहा पातळ्या ठरवून दिल्या: ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. आपला अभ्यासक्रम ए-१चा. चार क्रेडिट म्हणजे साधारण ६० तास वर्गात, आणि घरी निदान तितकेच. एवढं केलंत तर नाव-गाव सांगणं, घरच्यांची ओळख करून देणं, बाजारात भाव विचारणं, वेळ विचारणं, सोपी पाटी वाचणं जमतं. समोरचा सावकाश आणि समजून घेऊन बोलणारा हवा. सिनेमा कळणार नाही, वर्तमानपत्रही नाही. पहिल्या महिन्यात 'काहीच येत नाही' असं वाटून बरीच मुलं गळतात. त्यांची प्रगती चांगली चाललेली असते, फक्त मोजपट्टी चुकीची असते.

३. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर इटालियन आलं की तेच प्रमाणपत्र झालं का?

नाही. गुणपत्रिकेवर क्रेडिट येतात. बाहेर मान्य असलेल्या परीक्षा वेगळ्या: सिएनाच्या परकीयांसाठीच्या विद्यापीठाची 'चिल्स', पेरुजाच्या तशाच विद्यापीठाची 'चेली', आणि १८८९ साली स्थापन झालेल्या दान्ते आलिग्येरी सोसायटीची 'प्लीदा'. तिन्हींत ए-१पासून वरपर्यंत पातळ्या आहेत. माझं मत विचाराल तर ए-१च्या परीक्षेवर पैसे घालू नका. पुढे शिकणार असाल तर बी-१ किंवा बी-२लाच बसा.

४. याचा नोकरीला उपयोग काय? इटलीला शिकायला जाता येईल का?

पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि तो रास्त आहे, कारण सत्राची फी घरच्या केळीच्या किंवा कापसाच्या पैशातून येते. नुसत्या ए-१वर नोकरी मिळत नाही. तसं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

इटलीतल्या विद्यापीठांत पदव्युत्तरचे बरेच अभ्यासक्रम इंग्रजीतून आहेत, तिथे इटालियनची सक्ती नसते. इटालियन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला साधारणपणे बी-२ लागतं. पूर्वप्रवेश 'यूनिव्हर्सितॅली' या सरकारी पोर्टलवरून होतो. पण शिकण्याचं माध्यम इंग्रजी असलं तरी खोली भाड्याने घेणं, दवाखाना, पोस्ट, भाजीवाला हे सगळं इटालियनमध्येच चालतं, आणि तिथे हे ६० तास कामाला येतात.

आपल्याजवळची एक गोष्ट सांगते. जळगावहून तास-दीड तासावर अजिंठा. तिथली चित्रं वाचवायला निजामाच्या राजवटीने १९२०च्या सुमारास लोरेन्त्सो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं होतं. त्यांनी चित्रांवर चढवलेलं शेलॅक, म्हणजे लाखेचं रोगण, पुढे पिवळं पडलं आणि ते काढायचं काम नंतरच्यांना पुरलं. चित्र, भिंत, दगड जपण्याचं शास्त्र शिकायचं असेल तर इटलीसारखी दुसरी जागा नाही. आपल्या भागातून कुणी त्या वाटेने जावं अशी माझी फार इच्छा आहे.

५. इटालियन जसं लिहितात तसंच वाचतात, हे खरं का?

जवळपास खरं. सात-आठ नियम कळले की अर्थ न कळताही पान मोठ्याने वाचता येतं. इंग्रजीसारखं प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

मुख्य नियम सी आणि जी या अक्षरांचा. त्यांच्यापुढे ई किंवा आय आला तर उच्चार 'च' आणि 'ज', एरवी 'क' आणि 'ग'. म्हणून 'कासा' म्हणजे घर आणि 'चेना' म्हणजे रात्रीचं जेवण, दोन्ही सी-नेच सुरू होतात. मध्ये एच घातला की 'च'चा पुन्हा 'क' होतो. एचला स्वतःचा उच्चार नाही, त्याचं काम तेवढंच. 'पेशे' म्हणजे मासा आणि 'पेस्के' म्हणजे पीचची फळं. लिहिताना फरक एका एचचा, आणि हॉटेलात तो महागात पडतो.

आता झेड. इथे मराठी मूल वर्गात सगळ्यांत पुढे असतं. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इटालियन झेड म्हणजे बहुतेकदा 'चमचा'तला च: ग्रात्सिए, पित्सा. शब्दाच्या सुरुवातीला आला तर बहुधा 'जवळ'मधला ज. हे दोन्ही आवाज तोंडात तयार असताना 'पिझ्झा' म्हणायची गरज नाही.

'त' आणि 'द' आपल्यासारखेच दातांवर. र जिभेच्या टोकाने थरथरवायचा. ख, थ, फ, भ असे श्वास सोडून म्हणायचे वर्ण इटालियनमध्ये नाहीत. फ आहे तो ओठ-दातांचा. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर. शेवटच्या अक्षरावर असेल तर वर चिन्ह देतात, जसं 'चित्ता' म्हणजे शहर. पण 'तेलेफोनो'मध्ये तो 'ले'वर आहे आणि लिहिताना कुठेच दिसत नाही. असे शब्द कानानेच शिकायचे.

६. एक अक्षर दोनदा लिहितात ते खरंच दोनदा म्हणायचं का? तेवढ्याने काय बिघडतं?

अर्थ बिघडतो. 'सेते' म्हणजे तहान, 'सेत्ते' म्हणजे सात. 'पाला' म्हणजे फावडं, 'पाल्ला' म्हणजे चेंडू. 'नोनो' नववा आणि 'नोन्नो' आजोबा. इंग्रजीच्या सवयीने ही जोडी कानाला एकच वाटते. मराठीत विचार करा: 'त्याचा पता लागेना' आणि 'त्याचा पत्ता लिही'. इतकंच करायचंय, त-वर क्षणभर थांबायचं. डिक्टेशनमध्ये सगळ्यांत जास्त गुण इथे जातात, म्हणून सोडवून सांगितलं.

७. आम्ही घरी अहिराणी बोलतो. आमचं मराठीच शुद्ध नाही म्हणतात, मग इटालियन कसं जमेल?

हा प्रश्न मला दरवर्षी हळू आवाजात विचारला जातो. विचारणाऱ्याची मान खाली असते, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

इटलीचाच इतिहास बघा. आज आपण इटालियन म्हणतो ती मुळात फ्लॉरेन्सच्या बाजूची, तोस्कानाची बोली. दान्तेच्या काव्यामुळे तिला मान मिळाला. १५८३ साली फ्लॉरेन्समध्ये स्थापन झालेल्या आक्कादेमिया देल्ला क्रुस्का या संस्थेने १६१२ साली तिचा मोठा कोश छापला. पण १८६१ साली देश एक झाला तेव्हा ती बोलणारे थोडेच होते. तुल्लिओ दे माउरो या भाषातज्ज्ञाच्या अंदाजाने शंभरात दोन-तीन. बाकीचे घरी नापोलीचं, सिसिलीचं, वेनेतोचं बोलत. शाळा, सैन्य, रेल्वे आणि १९५४ नंतर टीव्ही आला, तेव्हा प्रमाण भाषा घरोघर पोचली. आजही पुष्कळ इटालियन माणसं आजीशी एक भाषा बोलतात आणि ऑफिसात दुसरी. सार्दिनियन आणि फ्रिउलियन या भाषांना तर १९९९च्या कायद्याने संरक्षण आहे.

म्हणजे घरी अहिराणी, गावात लेवा बोली, कॉलेजात प्रमाण मराठी असं जगणाऱ्या मुलाला इटालियन माणसाचं भाषिक आयुष्य आतून माहीत असतं. उच्चाराचंही एक उदाहरण देते. अहिराणीत काळ्याचं 'काया' होतं आणि डोळ्याचं 'डोया'. रोमच्या बोलीत 'फील्यो' म्हणजे मुलगा, त्याचं 'फीयो' होतं. जड 'ल'चा 'य' करणं तिथल्या जिभेलाही सोपं जातं. वर्गात प्रमाण उच्चार शिकायचा, कारण परीक्षा त्याची आहे. तुमची बोली त्यासाठी घराबाहेर ठेवावी लागत नाही.

८. 'चाओ' सगळ्यांना म्हणता येतं ना? आणि मॅडमला 'तू' म्हणायचं की काय?

'चाओ' बरोबरीच्यांना, लहानांना, घरच्यांना. दुकानदाराला, शिक्षकाला, अनोळखी मोठ्या माणसाला 'बुओन्जोर्नो', आणि निघताना 'आर्रिवेदेर्ची'. 'चाओ' मूळ व्हेनिसचा. 'मी तुमचा दास' अशा अर्थाच्या शब्दातून तो झिजत आलाय, पण आज त्यात ती अदब उरलेली नाही.

'तू'साठी शब्दही 'तू'च आहे, हे पहिल्या दिवशी ऐकून सगळे खूश होतात. आदरार्थी मात्र 'लेई', आणि 'लेई'चा शब्दशः अर्थ 'ती'. समोर पुरुष असला तरी 'लेई', आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: तुला 'कोमे स्ताई', आपणांस 'कोमे स्ता'. हे विचित्र वाटतं, पण आपणही समोर बसलेल्या नानांना 'नाना चहा घेतील ना?' असं विचारतोच. आदर दाखवायला माणूस समोर असून तिसरा करायचा, ही रीत दोन्हीकडे आहे. १९३८ साली मुसोलिनीच्या राजवटीने 'लेई' बंद करून 'वोई' (तुम्ही) आणायचा प्रयत्न केला. लोकांनी राजवट गेल्यावर 'लेई'च ठेवला.

आई, आजी आणि देव यांना इटालियनमध्येही 'तू'च. विठ्ठलाला आपण कधी अहो-जाहो करत नाही, तसंच.

आणि 'मी'साठी 'ईओ' प्रत्येक वाक्यात घालू नका. 'जातो' म्हटल्यावर कोण ते कळतं, तसंच 'वादो' म्हटल्यावरही. जोर द्यायचा असेल तेव्हाच 'ईओ'.

९. कोणता शब्द पुल्लिंगी, कोणता स्त्रीलिंगी, ओळखायचं कसं?

शेवट बघून. 'ओ'ने संपला तर बहुधा पुल्लिंगी, अनेकवचनात 'ई'. 'आ'ने संपला तर स्त्रीलिंगी, अनेकवचनात 'ए'. विशेषणही त्याच्यासोबत बदलतं: चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगल्या मुली, 'ब्रावो रागात्सो', 'ब्रावा रागात्सा', 'ब्रावे रागात्से'. इंग्रजीतून येणाऱ्याला हे महिनाभर छळतं. तुम्ही ते रोज जेवताना करता.

एकवचनात 'ए'ने संपणारे शब्द कोणत्याही लिंगाचे असू शकतात. त्यांतले 'त्सिओने'वाले स्त्रीलिंगी ('स्तात्सिओने', स्टेशन) आणि 'ओरे'वाले बहुतेक पुल्लिंगी ('फ्योरे', फूल).

फसवे शब्द पाठच करा. 'मानो' म्हणजे हात, 'ओ' असूनही स्त्रीलिंगी. 'फोतो', 'मोतो', 'आउतो' स्त्रीलिंगी, कारण ते लांब स्त्रीलिंगी शब्दांची आखूड रूपं आहेत. 'प्रोब्लेमा', 'सिस्तेमा', 'क्लीमा' हे ग्रीकमधून आलेले, 'आ' असूनही पुल्लिंगी.

झाड आणि फळ यांची मला स्वतःला फार आवडणारी गोष्ट. फळ स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी: 'मेला' सफरचंद, 'मेलो' त्याचं झाड, 'बनाना' केळं, 'बनानो' केळीचं झाड. रावेर-यावलच्या मुलाला हे सांगावं लागत नाही, त्याच्याकडे शेतातली 'ती केळ' आणि हातातलं 'ते केळं' वेगळ्याच लिंगाची असतात. लिंबू, अंजीर आणि आंबा मात्र हा नियम पाळत नाहीत, तिथे फळही पुल्लिंगीच.

नपुंसकलिंग इटालियनने टाकलं, आपण ठेवलं. पण लॅटिनमधल्या नपुंसकलिंगाचा माग काही शब्दांत राहिलाय. 'उओवो' म्हणजे अंडं, एकवचनात पुल्लिंगी. अनेकवचनात 'ले उओवा', स्त्रीलिंगी. 'दीतो' बोट आणि 'ब्राच्चो' बाहू यांचंही तसंच. हे शब्द चुकले की मुलं वैतागतात, पण जुन्या वाड्याचा एखादा खांब नव्या घरात दिसावा तसे आहेत ते.

१०. आर्टिकल एवढी कशाला? आणि 'ईल' कुठे, 'लो' कुठे?

आर्टिकल म्हणजे नामाआधी लागणारा छोटा शब्द, इंग्रजीतल्या 'द'सारखा. ही गोष्ट मराठीत नाहीच, त्यामुळे इथे मेहनत आहे. पुल्लिंगी 'ईल', अनेकवचनी 'ई'. स्त्रीलिंगी 'ला', अनेकवचनी 'ले'. स्वरापुढे एकवचनात नुसता 'ल' चिकटतो. उरले 'लो' आणि त्याचं अनेकवचन 'ल्यी'. एकवचनी 'लो' येतो तो एसपुढे दुसरं व्यंजन असेल तेव्हा, आणि झेड, 'न्य', 'प्स' अशा आवाजांपुढे: 'लो स्तुदेन्ते'. 'ल्यी' त्यांच्यापुढेही आणि स्वरापुढेही: 'ल्यी स्तुदेन्ती', 'ल्यी आमीची' म्हणजे मित्र.

कारण तोंडाचं आहे. 'ईल स्तुदेन्ते' म्हणताना ल-स-त एकावर एक आदळतात. आपल्याकडे गावाकडची माणसं 'इस्टेशन', 'इस्कूल' म्हणतात तेव्हा याच अडचणीतून वाट काढत असतात. शब्द पाठ करताना तो आर्टिकलसकटच पाठ करा, मग लिंग वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

११. 'मला आंबा आवडतो' हे वाक्य माझं दर वेळी चुकतं. का?

इंग्रजीतून गेलात म्हणून. इटालियन वाक्य मराठीसारखं आहे: 'मी प्याचे ईल मान्गो'. या वाक्यातल्या 'मी'चा अर्थ 'मला', आणि क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. फळं अनेक असली की तेही बदलतं: 'मी प्याच्चोनो ले बनाने', मला केळी आवडतात. 'ईओ प्याच्चो' म्हणालात तर अर्थ होतो 'मी लोकांना आवडतो'.

मराठीचं बोट सोडायची जागाही सांगते. वय इटालियनमध्ये 'असणं'ने नाही, 'जवळ असणं'ने सांगतात: 'ओ दिचान्नोवे आन्नी', माझ्याकडे एकोणीस वर्षं आहेत. भूक, तहान, घाई, भीती हीसुद्धा 'जवळ' असतात: 'ओ फामे', मला भूक लागलीय. ही सहा-सात वाक्यं जशीच्या तशी पाठ करा.

१२. आकडे अवघड आहेत का?

मराठीत एकोणसाठ, सदुसष्ट, ब्याऐंशी शिकलेल्या माणसाला हे अवघड नाहीत. वीसनंतर दशक आधी, एकक मागून. फक्त 'वेन्तूनो' आणि 'वेन्तोत्तो'मध्ये, म्हणजे एक आणि आठपुढे, दशकाचा शेवटचा स्वर गळतो. लिहिताना सांभाळा: तिकडे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम, आपल्या उलट.

१३. रोज दोन तास बसमध्ये जातात. अभ्यास कधी करू?

बसमध्येच. पण डोळ्यांनी नाही, कानांनी. इटलीच्या सरकारी नभोवाणीचे कार्यक्रम रायप्ले साउंडवर ऐकता येतात. कळलं नाही तरी वीस मिनिटं ऐका, आधी आठवडाभर नुसता सूर कानात बसू द्या. घरी पाच वाक्यं मोठ्याने. ज्यांना तिकडच्या कुणाशी फोनवर सराव करायचाय त्यांनी लक्षात ठेवा, इटली हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन.

१४. 'माझं पुस्तक'ला आर्टिकल लागतं, मग 'माझी आई'ला का नाही?

'ईल मीओ लीब्रो', पण 'मीआ माद्रे'. एकवचनी जवळच्या नात्यापुढे आर्टिकल गळतं. अनेकवचनात ते परत येतं: 'ई म्येई फ्रातेल्ली', माझे भाऊ. 'त्यांची'साठीचा 'लोरो' असेल तर एकवचनातही राहतं: 'ला लोरो माद्रे'. लाडाचं रूप असेल तरी राहतं: 'ला मीआ सोरेल्लीना', माझी बहिणुली.

१५. भूतकाळात 'आवेरे' (जवळ असणं) लावायचं की 'एस्सेरे' (असणं)?

पुस्तकातली यादी पाठ करण्याआधी मराठीची कसोटी लावा. वाक्य 'तो' किंवा 'ती' घेऊन करा आणि 'ने' येतो का बघा. 'त्याने खाल्लं', 'तिने वाचलं': 'ने' आला, तर 'आवेरे'. 'तो गेला', 'ती आली', 'तो जन्मला': 'ने' नाही, तर बहुधा 'एस्सेरे', आणि मग क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. मुलगा म्हणतो 'सोनो आन्दातो', मुलगी 'सोनो आन्दाता'. मी गेलो, मी गेले. नवीन काहीच नाही.

ही कसोटी दोन ठिकाणी फसते. 'तो झोपला', 'चालला', 'हसला', 'पोहला' यांत 'ने' नाही, तरी इटालियनमध्ये 'आवेरे' लागतं. जाणं-येणं, होणं, राहणं अशी स्थान किंवा स्थिती बदलणारी नि टिकवणारी क्रियापदंच बहुतांशी 'एस्सेरे' घेतात. दुसरं, 'तिने हात धुतले' यात 'ने' आहे, तरी 'सि ए लावाता ले मानी'. स्वतःवरच होणारी क्रिया 'सि'सह आली की नेहमी 'एस्सेरे'. आणि प्रश्न ११मधलं आवडणंही इकडेच पडतं: 'मी ए प्याचूता ला पित्सा', मला पित्सा आवडला. तिकडे पित्सा स्त्रीलिंगी, म्हणून 'ता'.

१६. 'आवेरे'सोबत रूप बदलत नाही असं शिकवलंत, मग पुस्तकात 'लो मान्जाता' कसं?

सत्राच्या शेवटी येणारा हा प्रश्न ज्याला पडतो त्याचा अभ्यास चांगला चाललाय. 'ओ मान्जातो ला मेला', मी सफरचंद खाल्लं. इथे सफरचंद स्त्रीलिंगी असूनही रूप 'तो'वरच थांबतं. पण सफरचंदाचं नाव न घेता 'ते मी खाल्लं' म्हणायचं असेल, तर सर्वनाम क्रियापदाच्या आधी येतं, आणि मग रूप त्या वस्तूप्रमाणे वळतं: 'लो मान्जाता'. हा 'लो' आर्टिकल नाही, सर्वनाम 'ला' आणि 'ओ' मिळून तो झालाय. आंबा असता तर 'लो मान्जातो'. केळी असती तर 'ले ओ मान्जाते'.

आता मराठी बघा. मी आंबा खाल्ला, मी भाकरी खाल्ली, मी केळं खाल्लं. आपलं क्रियापद नेहमीच खाल्लेल्या वस्तूचं ऐकतं, खाणाऱ्याचं नाही. जुन्या काळी इटालियनचं वळणही असंच होतं, वस्तू मागे असो की पुढे. पुढे ते सैल झालं आणि 'लो', 'ला', 'ली', 'ले' या सर्वनामांपुरतं पक्कं उरलं. म्हणून सर्वनाम आलं की 'ती भाकरी? खाल्ली' असं मनात म्हणा आणि 'ली'च्या जागी 'ता' लावा.